पितृपक्षात केलेल्या बदलाची तारीख बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
लेखापाल सनद परीक्षा मंडळ,
विभागीय कार्यालय, मुंबई.

अर्जदार : श्रीमती शांता दामोदर सिन्नरकर, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, राहणार बाजारपेठ, जव्हार, जिल्हा पालघर. परीक्षार्थीची आजी.

विषय : कु. अवंती सुशील सिन्नरकर हिने जुन्या अभ्यासक्रमातून नव्या अभ्यासक्रमात जाण्याची जी निवड भाद्रपद वद्य एकादशीस नोंदवली, ती आश्विन शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे घटस्थापनेच्या मुहूर्तावर, नोंदवली असे दाखवून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या मंडळाची अभ्यासक्रम बदलाची सूचना. ही माझ्या नातीच्या मोबाईलवर आली व मला तारखेपर्यंतच वाचून दाखवण्यात आली, कारण तारीख ऐकताच मी वाचन थांबवले.
२) चालू शकाचे पंचांग. हे मी पूर्ण वाचले आहे.

महोदय (त्या खुर्चीवर बाई बसल्या असल्यास महोदया, आणि तसे असेल तर निम्मे काम झाले असे मी समजते),

१. जव्हारच्या बाजारपेठेत आमचे धान्य व किराण्याचे दुकान आहे. पाटीवर माझ्या कैलासवासी यजमानांचे नाव आहे, गल्ल्यावर माझा मुलगा सुशील बसतो आणि दुकान मी चालवते. हे प्रथमच नमूद करते, म्हणजे पुढे कोणाचा शब्द कोणी मोडला हे समजून घेण्यास आपल्या कार्यालयास त्रास पडणार नाही.

२. आमच्या घरी पितृपक्षाच्या पंधरवड्यात कोणतेही नवे काम सुरू होत नाही. नवे कापड येत नाही, नवे भांडे येत नाही, लग्नाची बोलणी होत नाहीत आणि कोणत्याही कागदावर सही होत नाही. हा नियम माझ्या सासूबाईंचा असून मी तो त्यांच्यापेक्षा कडक पाळला आहे. मागे एका आइस्क्रीमच्या कंपनीने आपला फ्रीज नेमका याच पंधरवड्यात आमच्या दारात आणून उतरवला. मी तो गोणपाटाने झाकून ओट्यावर उभा ठेवला. कंपनीचा माणूस हेलपाटे घालू लागला. "आजी, आत माल भरून आणलाय, वितळतोय हो," असे तो काकुळतीने म्हणाला. वितळणे हे आधीपासून चालू असलेले काम आहे, ते नव्यात मोडत नाही, सबब ते चालू राहण्यास माझी हरकत नाही, असे मी त्यास समजावले. घटस्थापनेस फ्रीज हळदकुंकू लावून आत घेतला. तो आजतागायत बिघडलेला नाही. या उदाहरणावरून आपणांस माझ्या भूमिकेची कल्पना यावी.

३. आता परीक्षार्थीविषयी. अवंती ही माझी एकुलती नात. लेखापालाच्या सनदेच्या सर्व पायऱ्या चढून ती आता अखेरच्या परीक्षेपाशी उभी आहे. तिची उमेदवारी नाशिकला झाली, परंतु तिचा अभ्यास माझ्यापाशी झाला, असे मी जबाबदारीने लिहिते. लहानपणी दिवेलागणीला मी तिच्याकडून परवचा म्हणून घेत असे. पाढे संपले तेव्हा आपल्या मंडळाचे धडे सुरू झाले. ती म्हणणार आणि मी डोळे मिटून ऐकणार. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. त्यातला शब्दन् शब्द मला समजत होता असा माझा दावा नाही. परंतु कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द यावयास हवा, हे मला पाठ होते, आणि परीक्षेस तेवढे पुरते.

या परवच्याचा लाभ घरातील इतरांनाही झाला आहे. साखरशेतची बायडी आमच्याकडे तांदूळ निवडण्यास येते. घसाऱ्याचे प्रकरण सतत कानावर पडल्याने ती एके दिवशी सूप खाली ठेवून म्हणाली, "आजी, पोरगी रोज येकच सांगते, वस्तू झिजली, वस्तू झिजली. मंग सुशीलभाऊ नवी का नाय आणत?" आपले शिक्षण इतक्या खोलवर पोहोचले होते. आणि तेच आपण एका सूचनेने मोडीत काढले.

४. नव्या अभ्यासक्रमाविषयी माझी हरकत थोडक्यात नोंदवते, कारण मूळ विषय तो नाही. परिव्यय, म्हणजे मालाच्या उत्पादनखर्चाचा हिशेब, हा विषय, ज्यात माझी नात आणि मी दोघीही तयार होतो, तो आपण परीक्षेतून काढून "स्वतः शिका" अशा सदरात टाकला आहे. एका प्रश्नपत्रिकेस पुस्तक उघडे ठेवून बसण्याची मुभा दिली आहे. पुस्तक उघडे ठेवून जर उत्तरे द्यावयाची, तर मी इतकी वर्षे डोळे मिटून काय केले, याचा खुलासा व्हावा. आणखी एका भागात उत्तर लिहावयाचे नसून चारांतून एक निवडावयाचे आहे. याचा परवचा कसा म्हणून घ्यावा? काल संध्याकाळी मी प्रयत्न करून पाहिला. मी प्रश्न वाचला, नात म्हणाली, "क." मी पुढचा वाचला, ती म्हणाली, "अ." सूनबाई स्वयंपाकघरातून विचारू लागल्या की, तिला बरे नाही काय.

५. मूळ विषय असा. जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा आता पुन्हा होणार नाही. ज्यांना अखेरच्या परीक्षेस बसावयाचे आहे, त्यांनी नव्या अभ्यासक्रमाची निवड मुदतीत नोंदवावयाची; न नोंदवल्यास परीक्षेस बसता येणार नाही. इतके मला समजते. मी अडाणी नाही. परंतु ही मुदत आपण पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी उघडली आणि सर्वपित्री अमावास्येस बंद केली. महोदय, हा निव्वळ योगायोग असेल तर तो भयंकर आहे, आणि ठरवून केले असेल तर त्याहून भयंकर आहे. आपल्या कार्यालयात इतके अधिकारी, इतके कारकून. एकाच्याही घरी पितर नाहीत काय? एकाच्याही टेबलावर पंचांग नसावे, आणि असल्यास ते केवळ सुट्ट्या पाहण्यासाठी उघडले जावे, ही गोष्ट देशभराचे हिशेब तपासणारे घडवणाऱ्या मंडळास शोभत नाही.

६. सूचना ऐकताच मी निर्णय दिला की, निवड घटस्थापनेस, सूर्योदयानंतर, देवापुढे दिवा लावून नोंदवावी. घरात यावर पुढीलप्रमाणे बोलणे झाले, ते जसेच्या तसे देते.

अवंती म्हणाली, "आजी, तोवर बंद होईल गं ते."
मी म्हणाले, "बंद होतं ते उघडतं. मी सांगीन त्यांना."
सुशील म्हणाला, "आई, ते आपलं दुकान नाही, की कुणी फळी वाजवली म्हणून उघडलं."
मी म्हणाले, "आणि तू तिचा बाप आहेस, वकील नाहीस."

सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलत नाहीत तेव्हा त्या विरोधात असतात, हे मला ठाऊक आहे. तथापि विरोध नोंदवला गेला नसल्याने मी निर्णय कायम केला.

७. पुढे एकादशीस मोखाड्याचा बाजार होता. माझ्या यजमानांचे श्राद्ध त्रयोदशीस असते आणि त्यांच्या पानावरच्या वड्याला पोशेरा गावाकडचेच उडीद लागतात. हयातीतही त्यांनी दुसऱ्या उडदाचा वडा खाल्ला नाही, पुढे सारला. हे उडीद मोखाड्याच्या बाजारात मिळतात. "मी जाते की आणायला," असे अवंती आपण होऊन म्हणाली. तेव्हाच मला शंका यावयास हवी होती, कारण ही मुलगी पुस्तक सोडून भाजी आणण्यासही कधी उठलेली नाही. मी तिला उडदाची पारख सांगितली, पिशवी दिली आणि जीपमध्ये बसवून दिले.

ती उडीद घेऊन आली. चांगले निवडून आणले होते, हेही नमूद करते. परंतु त्याच फेरीत तिने मोखाड्यातील दिपेश नावाच्या गृहस्थांच्या संगणक केंद्रात बसून आपल्या मंडळाकडे निवड नोंदवली. जव्हारात इतकी केंद्रे असता ती तिकडे का गेली, असा प्रश्न आपणांस पडेल. जव्हारातील एकही केंद्रचालक मला कळवल्याशिवाय राहिला नसता, हे त्याचे उत्तर आहे.

पुढे हे मला कळल्यावर (कसे कळले, ते परिच्छेद ८ मध्ये) मी स्वतः जीपने मोखाड्यास जाऊन उक्त दिपेश यांची चौकशी केली. ते उभे राहिले, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "आजी, आईशप्पथ, मी विचारलं होतं तिला, घरी विचारलंय ना? ती म्हणाली, आजोबांना विचारून घेते." माझे यजमान निवर्तून पुष्कळ वर्षे झाली, हे दिपेश यांना ठाऊक नव्हते. त्यांचा दोष नाही. चहा चांगला होता.

८. आता जो प्रकार लिहीत आहे तो सरकारी अर्जात बसतो की नाही याची मला कल्पना नाही, परंतु त्याशिवाय आपणांस प्रकरण समजणार नाही.

त्रयोदशीस श्राद्ध झाले. मागच्या पडवीच्या पत्र्यावर यांचे पान ठेवले: भात, खीर, कढी, अळूची भाजी आणि उडदाचा वडा. कावळा समोर विजेच्या खांबावर येऊन बसला. परंतु पानाकडे येईना. सुशील पुढे होऊन म्हणाला, "दादा, पावसाळा सरला की पत्रे बदलतो." कावळा हलला नाही. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, चुकलं माकलं पदरात घ्या." कावळ्याने मान दुसरीकडे केली. गुरुजी एक डोळा कावळ्यावर आणि एक मोबाईलवर ठेवून होते, कारण त्यांना पुढे आणखी एक घर करावयाचे होते. मी म्हणाले, "अहो, आता पुरे झालं. पाटीवरचं तुमचं नाव मी कुणाला काढू देणार नाही. या आता." कावळा तसाच. अन्न गार होऊ लागले. बायडी मागून म्हणाली, "आजी, त्यास कायतरी सांगायचा राहिला हाय."

तेव्हा अवंती पुढे आली. हात जोडले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, मी मोखाड्याला जाऊन निवड नोंदवली. आजीला माहीत नाही. आता झालं."

कावळा उतरला.

मी त्या दिवशी माझ्या पानात वडा वाढू दिला नाही. सुशील मात्र नको तितका जेवला.

९. उक्त कावळ्याचे येणे ही माझ्या यजमानांची संमती आहे, असे घरातील सर्वांचे म्हणणे आहे. यावर माझे आक्षेप असे की, कावळ्यास तोवर भूकही लागली असू शकते. दुसरे असे की, यजमान हयात असतानाही नात रांगू लागल्यापासून तिच्याच बाजूने कौल देत आले. मी जेवणाआधी गूळ देऊ नये म्हणावे आणि यांनी खिशातून काढून द्यावा, असा त्यांचा पूर्वेतिहास आहे. अशा व्यक्तीचा कौल निःपक्षपाती धरता येत नाही. तिसरा आक्षेप महत्त्वाचा आहे. कावळ्याने केवळ वडा उचलला. भाताला तो शिवला नाही. म्हणजे मान्यता मिळालीच असेल तर ती अंशतः मिळाली आहे. मात्र तो वडा ज्या उडदाचा होता, ते उडीद आणि ती निवड एकाच फेरीत, एकाच जीपने घरी आली, ही गोष्ट माझ्या बाजूची नसली तरी मी लपवून ठेवीत नाही.

१०. सबब माझी मागणी अशी. निवड कायम ठेवावी. ती रद्द करा असे मी म्हणत नाही, मुलीने परीक्षेस बसावे हीच माझी इच्छा आहे आणि ती घरात कोणाहूनही कमी नाही. फक्त तिची तारीख बदलून घटस्थापनेची करावी, म्हणजे मुलीच्या आयुष्यातील एवढे मोठे काम अशुभ पंधरवड्यात सुरू झाले असे आपल्या दप्तरी राहणार नाही. हे शक्य नसल्यास मंडळाने घटस्थापनेपुरती मुदत पुन्हा उघडली होती असे मानावे. तेही शक्य नसल्यास, एकादशीस झाले ते केवळ कच्चे काम होते, पक्के नंतर झाले, असा दाखला द्यावा. आमच्या घरी घटस्थापनेच्या सूर्योदयास नव्या पुस्तकांवर हळदकुंकू वाहून पक्के काम झालेलेच आहे, आपण केवळ ते मान्य करावयाचे आहे. यापुढे कोणतीही मुदत ठरवण्यापूर्वी पंचांग पाहण्यासाठी आपल्या कार्यालयात एक जबाबदार, शक्यतो वयस्क स्त्री नेमावी. मी स्वतः त्या जागेसाठी अर्ज करीत नाही. मला दुकान आहे.

११. येथवर लिहून झाल्यावर, आमच्या रिवाजाप्रमाणे, मी हा अर्ज दिवेलागणीला अवंतीस म्हणून दाखवला. इतकी वर्षे ती म्हणत आली आणि मी ऐकत आले. आज उलट झाले. ती डोळे मिटून ऐकत होती. कावळ्याच्या परिच्छेदापाशी तिचे ओठ हलले, परंतु ती हसली नाही, हे तिच्या संस्कारास धरून झाले. वाचन संपल्यावर आमचे जे बोलणे झाले, तेही देते.

"आजी, अर्ज झकास झालाय," ती म्हणाली. "पण हा टपालात पडला तर मी घरी बसले."
"का म्हणून?"
"सूचनेत शेवटी लिहिलंय. नोंदवलेल्या निवडीत कुणी दुरुस्ती मागितली, की मूळ निवड मागे घेतली असं धरतात. मग जुन्यातही मी नाही आणि नव्यातही नाही."
"हे मंडळानं आधी सांगायला नको?"
"सांगितलंय. तू तारखेलाच थांबवलंस."

मी अर्जाची घडी घातली. ती माझ्या शेजारीच बसून राहिली. "पाठवायचा असेल तर पाठव," असे ती म्हणाली. एकादशीचा विषय तिने काढला नाही, आजोबांचाही काढला नाही. तिच्या मांडीवर नव्या अभ्यासक्रमाचे पुस्तक होते आणि त्याला ती खाकी कव्हर घालीत होती. कव्हर आपल्या घरी तिसऱ्यांदा घडी मारून आत खोचतात, तसेच ती खोचत होती. मीच शिकवले आहे.

१२. तेव्हा आता आपण नीट वाचावे.

माझ्या हातून शाईने लिहिले गेलेले आजवर खोडले गेलेले नाही, आणि हेही खोडले जाणार नाही. लिहिलेला अर्ज रवाना न करणे हेही आमच्या घरात बसत नाही. परंतु माझ्या अर्जापायी माझी नात परीक्षेच्या दाराबाहेर उभी राहिली, असे मी होऊ देणार नाही. सबब हा अर्ज लखोट्यात बंद करून देवघरात ठेवला आहे. अवंती अखेरची परीक्षा देईल, निकाल लागेल, ती उत्तीर्ण होईल, आणि त्यानंतरच तो टपालात पडेल. तिला मी सांगितले की, रवानगीची नोंद तिनेच करावयाची आहे, तेव्हा मला फार काळ ताटकळत ठेवू नये.

याचा अर्थ हा अर्ज आपल्या हाती आला असेल, तर माझी नात लेखापाल झाली आहे आणि आपण तिचे आता काही करू शकत नाही. परिच्छेद १० मधील तारखेची मागणी यामुळे निकाली निघाली असे समजावे. पंचांगाची मागणी निकाली निघालेली नाही. माझी नात उत्तीर्ण झाली म्हणून इतरांच्या नातींचे पितर आपणांस माफ आहेत, असे नव्हे. त्यावर काय कार्यवाही केली हे लेखी कळवावे. पुढील त्रयोदशीस यांच्या पानासमोर ते मला सांगावे लागेल. मागील अनुभव पाहता, त्या कावळ्यास अर्धवट माहिती चालत नाही.

आपणांस नमस्कार लिहिण्याचे माझे वय उरलेले नाही, म्हणून आशीर्वाद.

(सही)
शांता दामोदर सिन्नरकर
जव्हार, आश्विन शुद्ध तृतीया, शके १९४७

सोबत :
१) पंचांगातील भाद्रपदाचे पान. काम होताच परत करावे. घरात दुसरे नाही.
२) निवडीची पावती. ही जोडण्याचे योजिले होते. अवंतीने काढून घेतली. योग्य केले.

रवानगीची नोंद (दुसऱ्या हस्ताक्षरात) :
निकाल आज लागला. आज फाल्गुन अमावास्या आहे. उद्या पाडवा आहे, टपाल परवाही निघेल, असे अर्जदारास समजावून सांगितले. अर्जदार थांबण्यास तयार नाहीत. चप्पल घालून ओट्यावर उभ्या आहेत.
अवंती सुशील सिन्नरकर, उत्तीर्ण.